धरणाच्या पाण्यात गेलेलं गंठण

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आधी लिंबू आठवतं. ठाण्यातल्या टेबलावर, पंचनाम्याच्या कागदांशेजारी पडलेलं अर्धं कापलेलं लिंबू. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत स्वतःचं डोकं फोडून घेतलं. पण माझी अक्कल किती, हे मला दाखवलं ते त्या लिंबानं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहितो. नावं मात्र कुणाची सांगणार नाही, नदीचंसुद्धा नाही. आमच्या भागातले लोक ओळखतील. त्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं.

मी तेव्हा हुबळीत एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. डायरी कन्नडात लिहायची, निम्म्या फिर्यादी मराठीत ऐकायच्या आणि शिव्या दोन्ही भाषांत द्यायच्या, असा आमचा कारभार. रंगपंचमीचा दिवस होता. आमच्याकडं होळीचा रंग खेळतात तो पाचव्या दिवशी, आणि त्या दिवशी सगळा बाजार बंद. पोलिसांनी दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कपाळाला रंग लावून घेत "पुरे रे, पुरे" म्हणायचं. संध्याकाळी बंदोबस्त उतरवून मी ठाण्यात बूट काढत होतो, तोच एक बाई तरातरा आत आल्या. मागं मुलगा, त्याच्यामागं सून. दुर्गदबैलच्या बाजारात यांचं कापडाचं जुनं दुकान. आजोबांच्या काळात कोल्हापूरकडून इकडं आलेली माणसं.

"साहेब, माझ्या सुनेचं गंठण चोरलं," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "लग्नाला दोन महिने झाले नाहीत हो अजून!"

गंठण म्हणजे लांब मंगळसूत्र. बाईंना बसवलं, पाणी दिलं, मग हकिकत कळली. रंगाचा धिंगाणा नको म्हणून ही मंडळी सकाळीच गाडी करून पश्चिमेला नदीवर गेली होती. नदी दगडाळ आहे. वर धरण आहे, आणि उन्हाळ्यात विजेसाठी त्यातून रोज काही तास पाणी सोडतात. तेवढा वेळ तिथले कॅम्पवाले लोकांना रबरी होडीत बसवून वल्हवत खाली नेतात. मुलगा आणि सून होडीत बसले, बाई काठावर राहिल्या आणि मग गाडीनं खालच्या टोकाला गेल्या. वाटेत होडी दगडाला घासली आणि सून पाण्यात पडली. होडी चालवणाऱ्या गाइडनं तिला जॅकेटच्या खांद्याला धरून वर ओढलं. खालच्या टोकाला जॅकेट काढलं तर गळा मोकळा.

"वर ओढताना त्यानंच हिसडा मारला," बाई म्हणाल्या. "मला काय कळत नाही? असल्यांच्या हातात आपली माणसं द्यायचीच नव्हती."

असल्यांच्या म्हणजे कुणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. पण गाइडचं आडनाव, गाव, गल्ली सगळं त्यांनी सकाळीच विचारून घेतलं होतं. आपल्याकडं होडीत बसायच्या आधीसुद्धा ते विचारतात. पोरगा हुबळीचाच निघाला, उणकलचा.

सुनेला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "पाण्यात मला काही कळलं नाही." मी वहीत लिहिलं, बाई घाबरलेली आहे. घाबरलेली होती हे खरं. कशाला घाबरली आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

खरं तर जागा आमच्या हद्दीतली नव्हती. पण फिर्यादी हुबळीचे, संशयित हुबळीचा, आणि फिर्यादींची वर ओळख. वरून फोन आला, आधी तुम्हीच नोंदवा, चौकशी करा, मग कागद तिकडं पाठवा. नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खबर आली. दुर्गदबैलमध्ये हातगाडी लावणारा एकजण आमचा खबऱ्या होता. त्याचं काम म्हणजे सराफांच्या गल्लीत कोण येतं-जातं ते बघणं. तो म्हणाला, "साहेब, तुमचा तो होडीवाला सकाळीच सोनाराच्या दुकानात शिरला होता." मला आणखी काय पाहिजे होतं? जीप काढली, उणकलला गेलो. दुपारची वेळ, अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. पोरगा ओट्यावर जेवत होता. त्याला हात धुऊ दिला, एवढीच माझी माणुसकी. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एक लोखंडी कॉट, कॉटवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेले. त्याची आई जीपच्या मागं कोपऱ्यापर्यंत पळत आली.

वय पंचविशीचं, अंगानं काटक, बोलणं कमी. मी खुर्चीवर, तो भिंतीला उभा.

"गंठण कुठाय?"

"मी घेतलं नाही साहेब. बाई पाण्यात गेल्या, मी जॅकेट धरून वर घेतलं. गळ्याकडं बघायला टाइम कुठला?"

"मग सोनाराकडं कशाला गेला होतास? देवदर्शनाला?"

"आईच्या कानातल्या फुलाची फिरकी गेलती. ती बसवायला."

मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. लिहायला बरं वाटत नाही, पण दिली. त्या काळी आमच्यात एक समज होता, की पहिल्या खोट्याला तिथंच ठेचलं की पुढचं खरं बाहेर येतं. सोनाराकडं माणूस मी तासाभरानं पाठवला. फुलाची फिरकी निघाली. म्हणजे त्यानं मार खाल्ला तो खरं बोलण्याबद्दल.

तरी मी त्याला सोडलं नाही. चौकशीच्या नावाखाली बसवून ठेवलं. संध्याकाळी त्याची आई आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक कागद. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी बाई, कागदाला एक सुरकुती नव्हती.

"साहेब, हा आगीच्या बंबावर लागलाय," ती म्हणाली. "पळण्यात पहिला आला, पोहण्यात पहिला आला. आता तुमच्या ठाण्याचा शेरा गेला की ऑर्डर. त्याच्यावर केस घालू नका ओ. आमच्या घरात सरकारी नोकरीत कोण सुद्धा नाही."

मी हवालदाराकडं बघितलं. त्यानं ट्रेमधून एक फॉर्म काढून माझ्यापुढं ठेवला. अग्निशामक दलाचा, चारित्र्य पडताळणीचा. पोराचा फोटो चिकटवलेला. उत्तर द्यायला चार दिवस उरले होते. फॉर्ममध्ये विचारलं होतं, उमेदवारावर गुन्हा नोंद आहे काय? मी काल स्वतःच्या हातानं नोंदवलेला होता. मनाला काहीतरी बोचलं, नाही असं नाही. पण म्हटलं, चोराला बंबावर पाठवून कसं चालेल?

तिसऱ्या दिवशी कॅम्पवरून ते लाइफ जॅकेट जप्त होऊन आलं. कॅम्पवर प्रत्येक जॅकेटला नंबर असतो आणि वहीत नंबरापुढं घालणाऱ्याची सही, त्यामुळं सुनेचं कुठलं हे कळलं. रंगपंचमीला येणारे लोक रंगलेल्या अंगानंच जॅकेट घालतात, म्हणून कॅम्पवाल्यांनी त्याच संध्याकाळी सगळी जॅकेटं साबण-सोड्यानं धुऊन सावलीत वाळत टाकली होती. हे जॅकेट निळं, आतून पांढरं. आणि गळ्याच्या आतल्या बाजूला, अस्तरावर, बोटभर लाल-तांबूस डाग.

मी टेबलावर थाप मारली. "रक्त! हिसडा मारला, कातडी सोलली, रक्त लागलं. पाठवा लॅबला."

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. निवृत्तीला आलेल्या, पायानं अधू, पण नजर अशी की खोटं बोलणारा त्यांच्याकडं बघणंच टाळायचा. सगळं ठाणं त्यांना अक्का म्हणायचं, मीसुद्धा. त्यांनी जॅकेट उजेडाकडं धरलं, डाग नाकाजवळ नेला.

"साहेब, सुनेच्या मानेवर ओरखडा बघितलाय का तुम्ही?"

"नाही."

"मी बघितलाय. म्हणजे, नाही हे बघितलंय." त्यांनी जॅकेट खाली ठेवलं. "तुमच्या घरात कपडे कोण धुतं?"

"त्याचा काय संबंध?"

"तुम्ही धूत नाही, हाच संबंध. हे रक्त नव्हे, हळद आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो असा लाल होतो. बारशाच्या, लग्नाच्या कपड्यांना रोज बघतो आम्ही."

"रंगपंचमीचा रंग असेल."

"बघू की मग," म्हणून त्यांनी समोरच्या कँटीनमधून लिंबू मागवलं. पंचांना बोलावलं. डागाच्या एका कडेला, मोहरीएवढ्या जागेत, रस लावला. सगळ्यांनी माना पुढं काढल्या. बघता बघता तेवढा ठिपका पिवळाधमक झाला. पंचांपैकी एकजण "अय्यो!" म्हणाला.  ज्या डागाच्या जोरावर मी एका पोराला आत टाकणार होतो, तो डाग माझ्या आईनं, बायकोनं, बहिणीनं हजारदा धुतलेला होता आणि मला तो रक्त वाटला.

"पण गळ्यात हळद आली कुठून?" मी विचारलं. इथून पुढं मला खरोखरच उत्सुकता लागली, आणि सांगायला हरकत नाही, तपासाला सुरुवातही इथंच झाली. आधीचं सगळं नुसतंच पोलिसी.

अक्कांनी लिंबू बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "गंठण तुटलं, दुरुस्तीला दिलं, तर बाई गळा मोकळा ठेवत नाही साहेब. दोऱ्यात हळकुंड ओवते आणि बांधते. या पोरीच्या गळ्यात हळकुंड होतं. ओलं झालं, अस्तराला लागलं. आणि हळकुंड बांधलं याचा अर्थ एकच. होडीत बसताना गंठण गळ्यात नव्हतंच."

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो. दुकानामागच्या त्यांच्या घरी गेलो. मी सासूबाईंशी पुढच्या खोलीत बोलत बसलो आणि अक्कांनी सुनेला गच्चीवर नेलं. मला ताक मिळालं, लाडू मिळाला, चोरांच्या जातीवर व्याख्यान मिळालं. अर्ध्या तासानं अक्का खाली आल्या आणि नुसती मान हलवली. मी वर गेलो. पोरगी निपाणीकडची, जेमतेम बावीसची. रडून डोळे सुजलेले.

तिनं सांगितलं ते असं. त्या सकाळी ते पोचले तेव्हा नदीत पाणी नव्हतंच म्हणायचं. नुसते दगड, मधून घोटाभर धार. नवी सून पहिल्यांदा या नदीवर आली म्हणून सासूबाईंनी तिच्या हातून नदीची ओटी भरवली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. हळद-कुंकवाची हिरव्या झाकणाची प्लास्टिकची डबी सुनेच्या हातात राहिली, आणि एक हळकुंडही. मग गाइडनं सगळ्यांना दम देऊन सांगितलं, गळ्यात लोंबतं काही ठेवू नका, पाण्यात अडकलं तर फास बसतो. सासूबाई म्हणाल्या, "गंठण निघायचं नाही, सवाष्ण आहे ती."

"मला भीती वाटली," पोरगी म्हणाली. "फास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं तेच. जॅकेट घालायला दगडामागं गेले आणि काढलं. डबीत घातलं. गळा मोकळा नको म्हणून केसांच्या गोंड्याचा दोरा काढून हळकुंड बांधलं. जॅकेटखाली कोणाला दिसणार? डबी दगडाच्या खोबणीत सारली. म्हटलं, आल्यावर काढीन."

"आणि?"

"हाक आली म्हणून वळले. परत बघते तर खोबणी पाण्याखाली. आभाळात एक ढग नाही हो साहेब! पाऊस नाही, आवाज नाही. नदीला असं कधी पाणी येतं का? होडीत बसले तरी मी मागंच बघत होते. ते गाइड ओरडले, ताई, पुढं बघा, दगड आहे. मी बघितलं नाही, आणि पडले."

पाण्यात दोरा तुटला, हळकुंड गेलं. गळा मोकळा दिसला तशी सासूबाईंनी आकांत केला, आणि हिची जीभ टाळ्याला चिकटली. सौभाग्याचं लेणं स्वतःच्या हातानं काढलं, ते नदीवर, ते नवरा त्याच होडीत असताना! हे कुठल्या तोंडानं सांगणार? तिला वाटलं, पोलीस चार प्रश्न विचारतील आणि त्या माणसाला सोडतील.

मी जबाब लिहिला. तिनं सही केली नाही. "आत्यांना कळलं तर मला घरात उभं करणार नाहीत," एवढंच ती सासूबाईंबद्दल म्हणत राहिली. मी जोर केला नाही. म्हटलं, आधी वस्तू तर शोधू.

चौथ्या दिवशी सकाळी आठला आम्ही नदीवर. मी, अक्का, दोन पंच आणि तो पोरगा. त्याला मी नोटीस देऊन घरी सोडलं होतं, जागा दाखवायला बरोबर घेतलं. दगड सापडला, तळाच्या फटीत ओटीची सुपारी अडकलेली होती. खोबणी रिकामी. माझा चेहरा पडला. पोरगा खोबणीत हात घालून बराच वेळ बसला. मग विचारलं, "डबी केवढी होती साहेब? झाकण घट्ट?"

"घट्ट, म्हणाली."

"मग बुडायची नाही. तरंगत गेली असणार. ही नदी रोज एकाच वाटेनं धावते, आणि आमच्या चपला, बाटल्या, वल्ही नेऊन ठरलेल्या जागी टाकते. कुठं टाकते ते बघू या. पण पाणी येऊ दे. दहाला येतंय."

गावातल्या दुकानातून तसलीच एक डबी आणली. फिर्यादींच्या सोनाराला विचारून गंठणाचं वजन मी लिहून घेतलं होतं, तेवढे खडे आत भरले. डबी खोबणीत ठेवली आणि काठावर बसून राहिलो. मी घड्याळ बघत होतो, तो दगड बघत होता. दहा वाजले. आधी वरच्या वळणावरून वाळक्या पानांची एक पट्टी सरकत आली, तिच्यामागं फेस. आवाज नंतर. एकेक दगड भिजला, अर्धा झाला, दिसेनासा झाला. मी धारवाडचा, विहिरीतलं आणि तळ्यातलं पाणी बघून वाढलेला. उन्हात बसून कोरडी नदी भरताना पहिल्यांदा बघितली. त्या पोरीला दोष द्यायची माझी सोय उरली नाही. डबी खोबणीतून हळूच वर आली आणि निघाली.

"बसा साहेब!" पोरगा ओरडला. होडीत तो मागं, कॅम्पचा आणखी एक वल्हवणारा पुढं, मध्ये मी आणि एक पंच. माझं पोट जॅकेटमध्ये मावेना, तर त्यानं पट्टा असा खेचला की माझा श्वास अडकला. "मी म्हटलं की ओढा, नाही म्हटलं की हात थांबवा," त्यानं दम भरला. ठाण्यात मी दम देत होतो, इथं तो. ही नदी सोपी आहे म्हणतात. असेल. पहिल्या उतरणीला माझ्या तोंडून मारुतीचं नाव निघालं. दोन दगडांमधल्या फटीतून होडी खाली गेली, पाणी तोंडावर आदळलं, आणि पुढं बघतो तर हिरवं झाकण मजेत उड्या मारत चाललेलं. खरं सांगतो, भीती गेली आणि मी लहान मुलासारखा "तिकडं, तिकडं!" ओरडायला लागलो.

मध्ये एक संथ पट्टा आला. मी मागं वळून म्हटलं, "परवा मी तुझ्यावर हात उचलला..."

"साहेब, पुढं बघा. दगड येतोय."

मी पुढं बघितलं.

डबीनं दोन उतरणी पार केल्या. मग एका मोठ्या सपाट दगडामागं पाणी उलटं फिरत होतं, त्यात ती गरगर फिरली आणि काठावरून वाकलेल्या झाडाच्या मुळांत शिरली. आम्हीही शिरलो. मुळांच्या जाळीत काय नव्हतं? चपला, टोप्या, एक मोडकं वल्हं, बाटल्या. पोरानं कोपरापर्यंत हात घालून आमची डबी काढली, आणि मग दुसरी. तसलंच हिरवं झाकण, चिखलानं माखलेलं. पंचासमोर उघडली. आत कुंकवाच्या चिखलात गंठण.

मला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात पंच म्हणाला, "ह्याला बरोबर ठाऊक होतं की हो! ह्यानंच ठेवलं असणार. नाहीतर एवढ्या नदीत एकदम इथंच कसा आला?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. पंच वेडा नव्हता. आमच्या कायद्यात आरोपीनं दाखवून दिलेला माल हा आरोपीविरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावा. वाहणाऱ्या डबीची गोष्ट कोर्टात हसण्यावारी गेली असती. सुनेच्या जबाबावर सही नाही. स्वतःला सोडवायला त्यानं मदत केली आणि त्याच मदतीनं तो आणखी खोल गेला. पंचनामा मात्र लिहावाच लागला.

त्याच दुपारी सगळे दुर्गदबैलच्या घरी. मी डबी टेबलावर ठेवली. सासूबाईंनी गंठण कपाळाला लावलं आणि ढसाढसा रडल्या. चार दिवस त्या बाईनं धड जेवण केलं नव्हतं, हेही खरं. मग डोळे पुसले आणि दाराकडं बघितलं. पोरगा उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला कोणी आत ये म्हटलं नव्हतं.

"ह्यानं काढून दिलं ना? मी म्हटलं नव्हतं? चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

मी सुनेकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर जबरदस्ती झाली असती. अक्का मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, त्याचा नोकरीचा कागद परवा जायचा आहे. बंबावरची नोकरी. तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं."

भांड्याचा आवाज झाला. पोरगी बाहेर आली, पदर डोक्यावर, हात ओले.

"आत्या, गंठण मी काढलं. माझ्या हातानं. डबीत मीच ठेवलं."

"काय बोलतेस तू?"

"फास बसेल म्हणून भ्याले. ह्या गाइडनी मला पाण्यातनं काढलं, आणि मी चार दिवस गप्प बसले."

"अगं, नवरा होडीत होता गं तुझा!"

"म्हणून तर हळकुंड बांधलं होतं."

सासूबाईंनी गंठण मुठीत घट्ट धरलं. नवरा भिंतीकडं बघत होता. मी जबाबाचा कागद पुढं केला आणि तिनं उभ्यानंच सही केली. पेन कागदातून आरपार जाईल इतका जोर दिला होता.

सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. वस्तू मिळाली. साहेब, आता मिटवून टाका."

"काकी," उंबऱ्याबाहेरून आवाज आला. त्या घरात तो पहिल्यांदाच बोलला. "तुमचं तुम्हाला मिळालं. माझं राहिलंय."

"तुझं काय रे?"

"भर दुपारी जीप आली, अख्ख्या गल्लीनं बघितलं. परवापासून आईकडं कोणी इस्त्रीला कपडे देत नाही. सोडलं ते कोणी बघितलं?"

 मी तर इतकी वर्षं माणसं उचलत आलो होतो आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. गुन्हा खोटा ठरला की आम्ही बी रिपोर्ट लिहितो, कोर्टात पाठवतो, फाइल बंद. रिपोर्ट इन्स्पेक्टरला कळतो, कारकुनाला कळतो. गल्लीला कोण सांगतं?

रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिहिला. पडताळणीचा फॉर्म स्वतः भरला, कोणावर न सोपवता कचेरीत नेऊन दिला. या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर लोकांना वाटतं मी हळदीचं सांगेन. हळद अक्कांना आधीच ठाऊक होती, शिकलो असेन तर मी एकटा. खरं शिकलो ते दुसऱ्या दिवशी, आणि पुढं नोकरीभर पाळलं. चुकून उचललेला माणूस त्याच जीपनं परत न्यायचा, त्याच गल्लीत, लोक बाहेर असताना, आणि अंगावर वर्दी पाहिजे. वरिष्ठ हसायचे. हसू दे.

दुसऱ्या दिवशी उणकलला नळाला पाणी आलं होतं. गल्लीत घागरींची रांग, बायका-पोरं, सगळी बाहेर. जीपमधून मी उतरलो, तो उतरला, अक्का उतरल्या, आणि मागून ती पोरगीही उतरली, गळ्यात गंठण घालून. सासूबाईंनी अडवलं नव्हतं. जाताना तिच्या हाती नारळ आणि चोळीचा खण दिला होता, स्वतः मात्र आल्या नाहीत. पोरगी सरळ ओट्याशी गेली आणि त्याच्या आईच्या पायांशी वाकली. "अव्वा, माझ्यामुळं झालं," म्हणाली. "ह्या अण्णांनी काही घेतलं नव्हतं."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाषण मला येत नाही. टोपी नीट केली आणि म्हणालो, "या मुलावर केलेली केस खोटी होती. वस्तू सापडली, त्यानंच शोधून दिली. ह्याला इथून नेला ती पोलिसांची चूक. म्हणजे माझी."

घागरी भरून वाहत होत्या, कोणी नळ बंद करेना. त्याची आई इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी होती. मला वाटलं, आता हात जोडेल, उपकार झाले म्हणेल. तसं काही नाही.

"साहेब, जरा मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "त्या टोकाच्या घरात आजोबा आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनीसुद्धा बघितलं होतं."

मी गल्लीच्या त्या टोकापर्यंत चालत गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.